पुस्तक, धान्य आणि हापसा : सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातले ख्रिस्ती वाङ्मय आणि मदतकार्य

मराठी मुलखात आलेल्या ख्रिस्ती मिशनांनी दोन कामे हाती घेतली. एक पुस्तकाचे : शुभवर्तमान मराठीत आणायचे, ते छापायचे आणि गावोगाव पोचवायचे. दुसरे मदतीचे : दुष्काळात धान्य, साथीत औषध, अनाथांना आसरा. पुस्तकाचे काम मिशनरी मायदेशातून ठरवूनच आले होते. मदतीचे काम इथल्या पावसाने त्यांच्या अंगावर टाकले. पुढे दीडशे वर्षे ही कामे एकमेकांत इतकी गुंतली, की एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही. त्यांच्याबद्दलचा वादही मुख्यतः याच गुंत्यातून निघाला. सोलापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर ठेवला तर हा गुंता नीट दिसतो.

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातले, भीमेजवळचे गाव. पुणे–सोलापूर हमरस्ता येथून जातो. एक रस्ता पंढरपूरला फुटतो, एक करमाळ्यावरून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणि एक कुर्डुवाडी–बार्शीवरून लातूरकडे. उजनी धरण येथून काही किलोमीटरवर आहे. आज टेंभुर्णीच्या आसपास ऊस, केळी आणि द्राक्षे दिसतात. पण ही हिरवळ १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीची देणगी आहे. त्याआधीचा माढा, करमाळा, सांगोला, मंगळवेढा हा टापू ज्वारीचा आणि टंचाईचा होता. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नसतो. परतीचा पाऊस चुकला की रब्बीची ज्वारी जाते, आणि ज्वारी गेली की माणसांबरोबर जनावरांचीही वैरण जाते. या भूगोलात आलेल्या कोणत्याही संस्थेला, ती धर्माची असो वा शिक्षणाची, आधी दुष्काळाला तोंड द्यावे लागले.

पुस्तकाची कथा मात्र येथून दूर सुरू होते. मराठी भाषेतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. ओवीबद्ध आणि पुराणाच्या घाटाचा हा ग्रंथ गोव्याबाहेर फारसा पोचला नाही. घाटावर तर त्याची ओळखच नव्हती. दुसरा आरंभ बंगालमध्ये झाला. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, १८१० साली कोश, आणि त्यानंतर लवकरच मोडी लिपीत नवा करार. त्या काळी हिशेब, पत्रे आणि दप्तर मोडीत चालत असे; कारकून-कुळकर्ण्यांच्या हाती जाणारे पुस्तक मोडीत असावे हा विचार व्यवहाराला धरून होता. पण बंगालमध्ये बसून लिहिलेल्या या मराठीला देशावरच्या बोलीचा कान नव्हता, त्यामुळे तिचा प्रभाव मर्यादित राहिला.

खरी सुरुवात मुंबईत झाली. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी तेथे उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. काही वर्षांतच त्यांनी छापखाना घातला आणि १८१७ साली मत्तयाचे शुभवर्तमान काढले. संपूर्ण नवा करार १८२६ साली आणि संपूर्ण बायबल १८४७ साली प्रसिद्ध झाले. हॉल यांचा शेवट या साऱ्या इतिहासाची पूर्वसूचना वाटावी असा झाला. १८२६ साली नाशिक–त्र्यंबकच्या भागात पुस्तके वाटत फिरताना त्यांना पटकीची साथ लागलेली गावे भेटली. जवळची औषधे त्यांनी रुग्णांना दिली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने ते गेले. पुस्तकासाठी निघालेल्या माणसाला वाटेत मदतीचे काम करावे लागणे हा प्रसंग पुढे अनेकांच्या वाट्याला आला.

मिशनच्या छापखान्याने मराठी मुद्रणाला जे दिले ते धर्मप्रसारापेक्षा मोठे आहे. थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तेथे देवनागरीचे सुबक टंक तयार झाले. १८३१ साली मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी ही कला अमेरिकन मिशनच्या छापखान्यातच शिकले होते. जावजी दादाजी लहानपणी तेथेच कामाला लागले आणि पुढे त्यांनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या देशभर पोचवल्या. बायबलासाठी पाडलेल्या टंकांच्या परंपरेतूनच पंचांगे, पोथ्या आणि काव्यमाला छापल्या गेल्या. छापखाना घालताना मिशनच्या मनात हा परिणाम नव्हता, आणि तरी मराठी वाचकावर त्याचे जे ऋण आहे ते मोकळेपणाने मानले पाहिजे.

१८३१ साली मिशनने अहमदनगरला ठाणे घातले आणि १८६०च्या दशकाच्या आरंभी सोलापूरला. अहमदनगरहून जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक होते. ते शुद्ध धर्मप्रचाराचे पत्र कधीच नव्हते. भूगोल, खगोल, वाफेची यंत्रे, प्राण्यांची चित्रे यांना त्यात जागा होती, आणि हिंदू धर्मावरची टीकाही होती. त्या टीकेला मुंबई–पुण्यातून तितकीच तिखट उत्तरे गेली. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने जाहीर वाद केला आणि तो पुढे पुस्तकरूपाने छापला. मराठी गद्याला युक्तिवादाची शिस्त लागली त्यात या दोन्ही बाजूंचा वाटा आहे.

मुंबई–अहमदनगरला छापलेले पुस्तक माढ्यासारख्या तालुक्यात पोचवण्याचे काम पुस्तकविक्यांचे. पाठीवर गाठोडे आणि त्यात शुभवर्तमानाची सुटी पुस्तके, गाण्यांच्या चोपड्या, मुलांची वाचने आणि फुकट वाटायची पत्रके असत. पुस्तक शक्यतो विकायचे, मग किंमत एक पै का असेना, असा अनेक ठिकाणचा दंडक होता. कारण विकत घेतलेले पुस्तक माणूस जपतो आणि फुकटचा कागद बाजारात पुडीला जातो, असा अनुभव होता. आठवडी बाजार हे त्यांचे मुख्य ठिकाण, आणि पंढरपूरची आषाढी-कार्तिकी हे सर्वांत मोठे. नगरकडून आणि मराठवाड्यातून पंढरीला जाणाऱ्या दिंड्या याच टापूतून जातात. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर यात्रेची गर्दी आणखी वाढली. बायकांपर्यंत पोचण्यासाठी ‘बायबल बाई’ असे. ती घरात बसून वाचून दाखवी आणि पुष्कळदा अक्षरओळखही करून देई. पुस्तकविके आणि बायबल बाया बहुतेक मराठीच होत्या, आणि अनेक जण महार-मांग समाजातून आलेले होते. मिशनच्या अहवालांत गोऱ्या मिशनऱ्यांची नावे ठळक आहेत आणि या माणसांचा उल्लेख बहुधा संख्येने येतो. ही त्या साधनांची मोठी उणीव आहे आणि ती वाचताना सतत लक्षात ठेवावी लागते.

वारकऱ्यांच्या मुलखात गद्य पत्रकाची पोच थोडी होती. येथे ऐकणारे वाचणाऱ्यांच्या कितीतरी पट, आणि त्यांच्या कानाला अभंग-ओवीची सवय. हे मिशनच्या मराठी माणसांना आधी कळले. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सारे तेच, आख्यान तेवढे बायबलातले. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदे लिहून मराठी चर्चची गाणीच बदलून टाकली. इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी भजनाच्या चाली आल्या.

ख्रिस्ती वाङ्मय मराठीत रुजले ते या टप्प्यावर. परदेशी माणसाने मराठीत आणलेले साहित्य आणि मराठी माणसाने आपल्या अनुभवातून लिहिलेले साहित्य यांतला फरक सामान्य वाचकालाही जाणवतो. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची कादंबरी, मराठीतली पहिली मानली जाते ती. विधवांच्या छळाचे तिच्यातले चित्रण एका मराठी घरातल्या माणसाचे आहे. धर्माचा उपदेश त्यावर नंतर चढवलेला दिसतो. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्रही मराठी आत्मचरित्रांच्या आरंभकाळात मोडते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी ‘बालबोधमेवा’ आणि ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग संपादित केला, फुलामुलांच्या कविता लिहिल्या आणि ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. १९१९ साली ते गेले तेव्हा काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण जवळजवळ शून्य होते. १९३४ ते १९३६ या काळात निघालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्यातल्या थोड्या अजोड पुस्तकांपैकी आहेत. या पुस्तकात सोवळेओवळे सुटण्याची जी हकिकत येते, तिच्यातून धर्मांतराचा घरातल्या माणसांना काय अर्थ असतो हे कळते. हजार पत्रकांतून ते कळले नसते. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने ही पुस्तके आपली मानली, आणि ती आजही वाचली जातात.

मदतकार्याचा आरंभ सोलापूरच्या बाबतीत १८७६–७८च्या दुष्काळाने करावा लागतो. मुंबई इलाख्यात सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. सरकारने दुष्काळी कामे काढली. तेव्हा माढा तालुक्यात असलेल्या आष्टीचा तलाव त्याच काळात काढलेले काम. मजुरी मात्र सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दिवसाला एक पौंड धान्यावर आणून ठेवली होती. कामावर येण्याइतके त्राण नसलेली माणसे, एकट्या बायका आणि पोरकी मुले या व्यवस्थेबाहेर राहत. मिशनचे मदतकार्य या फटीत उभे राहिले. पाळक गावात राहत होता, त्याला कोणते घर बंद पडले हे माहीत होते. मुलगा दाखल करून घ्यायला मामलेदाराच्या शिक्क्याची वाट पाहावी लागत नव्हती. ही मदत सरकारी कामांच्या तुलनेत नगण्य होती. तिचे मोल ती कोणापर्यंत पोचली यात आहे.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० हे दोन दुष्काळ प्लेगच्या जोडीने आले. या वेळी मदतीला सातासमुद्रापलीकडची बाजू जोडली गेली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली, अमेरिकन सरकारने जहाजाचे भाडे सोसले, आणि १९०० साली ‘क्विटो’ नावाचे जहाज दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन, मका घेऊन मुंबईला लागले. वाटपाच्या कामात अहमदनगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम पुढे होते. मुंबईत जन्मलेले आणि मराठी आपली म्हणून बोलणारे हे मिशनरी. त्यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना मका नवा होता. १९७२च्या दुष्काळात वाटलेल्या ‘मिलो’ या परदेशी लाल ज्वारीबद्दल जी कुरकुर झाली तिचे मूळ इतके जुने आहे.

अमेरिकेतून पैसा येण्याचे मार्गच वाङ्मयाने तयार केले होते, ही गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. मिशनरी पत्रे लिहीत, ती बोस्टन–न्यूयॉर्कच्या नियतकालिकांत छापली जात, आणि सोलापूर, वडाळा, शिरूर ही नावे तिकडच्या चर्चमधल्या माणसांच्या ओळखीची होत. दुष्काळात छायाचित्रे गेली. हाडांचा सापळा झालेल्या मुलांची ती छायाचित्रे आज पाहवत नाहीत, आणि वर्गणीसाठी दुसऱ्याची उपासमार अशी मांडावी का, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंतच्या प्रत्येक मदतसंस्थेला लागू आहे. अनाथ मुलांसाठी आश्रम, शाळा आणि उद्योगशाळा उभ्या राहिल्या. सोलापुरात मिशनची वोरोनोको शाळा चालली, आणि बालवर्गाच्या शिक्षिका घडवणारी मेरी हार्डिंग यांची शाळाही.

पुस्तक आणि धान्य एकाच आवारात नांदले ते पंडिता रमाबाईंच्या केडगावला. पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरचे हे ठिकाण दौंड तालुक्यात आहे. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता. १८७०च्या दशकात तीर्थयात्रेत भटकताना आई-वडील त्यांनी उपासमारीतच गमावले होते. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू-झोपड्या घातल्या गेल्या आणि मुक्ती मिशन उभे राहिले. पुढच्या दुष्काळात ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणी, गोठा उभा केला. आणि एक छापखाना घातला, ज्यात मुली टंक जुळवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणले. आधीच्या भाषांतरांतली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या; ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. संस्कृतातली पंडिता असलेल्या बाईने, दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी, त्यांनाच वाचता यावा म्हणून छापलेला ग्रंथ : मराठी ग्रंथेतिहासात याला जोड नाही.

याच रमाबाईंवर सर्वांत मोठा आरोपही झाला. १८८९ साली विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्माची सक्ती नसेल असे त्यांनी सांगितले होते. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळल्या तेव्हा ‘केसरी’ने हल्ला चढवला, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. ‘पोटासाठी बाटले’ हा शब्दप्रयोग तर गावोगाव होता. त्याला सरळ उत्तर देणे भाग आहे. भुकेल्या मुलाला घास देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल तर निवड मोकळी राहत नाही. अनाथ मुलांच्या बाबतीत ती मुळात नव्हतीच. ही टीका रास्त आहे, आणि त्या काळातले काही मिशनरीही या अडचणीने अस्वस्थ होते. दुष्काळ सरल्यावर नव्याने आलेल्यांपैकी कितीतरी परत फिरले.

परंतु महार-मांगवाड्यातल्या माणसाने मिशनच्या शाळेत मुलगा घातला तो केवळ धान्यासाठी, असे म्हणणे त्या माणसाचा अपमान करणारे आहे. गावची शाळा त्याला व्हरांड्यातही बसू देत नव्हती. पाटी-पेन्सिल, पुस्तक आणि शिक्षक त्याच्या वाड्यात आला तो मिशनमुळे. जोतीराव फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि मुलींची शाळा काढण्यापूर्वी अहमदनगरला मिस फरार यांची शाळा पाहून आले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. आणि स्वातंत्र्यानंतर तर हिशेब उलटा झाला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. धर्म सांगितल्याने ज्यांच्या पदरचे गेले, त्यांना लाभासाठी धर्म बदलल्याचा दोष लावणे न्यायाला धरून नाही.

सोलापूरच्या इतिहासातली एक गोष्ट याहून जड आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट सोलापुरात होती, आणि तिच्या व्यवस्थापनाची जबाबदारी सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे दिली होती. मिशनने तेथे शाळा चालवल्या, कामधंदे शिकवले. पण हजेरी आणि परवान्याशिवाय कैकाडी, पारधी, भामटा माणसाला बाहेर पडता येत नव्हते, आणि त्या व्यवस्थेचा मिशन हा एक हात होता. जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ साली गेला. चांगल्या हेतूने का होईना, कैदेच्या आत जाऊन केलेले हे काम मदतकार्याच्या यादीत घालताना कुंपण विसरता येणार नाही.

स्वातंत्र्याबरोबर मदतीचे रूप बदलले. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली प्रोटेस्टंट मंडळ्यांनी सुरू केलेल्या कामातून ‘कासा’ ही संस्था घडली. कॅथॉलिकांची ‘कारितास इंडिया’ १९६२ सालची. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली आणि जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या तिच्यात गेल्या. परदेशी मिशनरी परतत होते, कारभार मराठी माणसांकडे येत होता. अशा वेळी १९७२चा दुष्काळ पडला. खडी फोडणारी माणसे, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी आणि मिलो अशी त्याची आठवण या जिल्ह्यातले जुने लोक सांगतात. या संकटातला मुख्य भार राज्य सरकारच्या कामांनी उचलला आणि त्यांतूनच रोजगार हमी योजनेला बळ आले. चर्चच्या संस्थांचे काम त्यामानाने लहान होते. एका बाबतीत मात्र ते निर्णायक ठरले : पाणी.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जालन्याला स्कॉटिश मिशनच्या लोकांनी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आणून काळ्या पाषाणात विंधन विहिरी घ्यायला सुरुवात केली. हाताने आडविहीर खणायला महिने लागत. हे यंत्र एका-दोन दिवसांत शंभर-दीडशे फूट जाई. युनिसेफनेही यंत्रे आणली. पण विहिरीवर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते, आणि येथे एकाच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव हापसत होते. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांपैकी तीन पंप बंद आढळले. यावरची तोड परदेशी कारखान्यात निघाली नाही. ती जालना आणि सोलापूरच्या मिशनशी जोडलेल्या छोट्या वर्कशॉपांत निघाली. सोलापूरच्या पंपात बिडाऐवजी पोलादी दांडा घेतला, तो एकाच टेकूवर भक्कम बेअरिंगांत बसवला, आणि दांड्याच्या टोकाला वर्तुळखंडावरून जाणारी साखळी जोडली, म्हणजे आतली सळई नेहमी सरळ रेषेत वर-खाली होते आणि कडेला घासून झिजत नाही. बांधणी साधी आणि दणकट होती. युनिसेफने हाच ‘सोलापूर पंप’ पायाला घेतला; मद्रासमधल्या संशोधन संस्थेच्या मदतीने त्यात सुधारणा झाल्या, कोइमतूर भागात चाचण्या झाल्या, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ या नावाने सरकारी कंपनी रिचर्डसन अँड क्रुडास येथे उत्पादन सुरू झाले. त्याला भारतीय मानक मिळाले. आराखडा कोणाच्या मालकीचा ठेवला नाही, म्हणून कोणत्याही कारखान्याला तो बनवता आला. हा पंप लाखोंच्या संख्येने देशभर आणि आफ्रिकेतल्या गावांपर्यंत गेला.

माढ्यातल्या कोणत्याही वाडीवर ‘हापसा’ म्हणतात तो हाच. त्याच्यावर कोणत्या चर्चचे नाव नाही, आणि पाणी भरणाऱ्या बाईला कोणी धर्म विचारत नाही. मदतीचे पूर्वीचे प्रकार देणाऱ्याच्या नजरेखाली घडत, आणि घेणारा देणाऱ्याच्या आवारात येई. हापसा गावाच्या मालकीचा झाला आणि पंचायत समितीच्या दुरुस्तीवाल्याच्या ताब्यात गेला. दीडशे वर्षांच्या मदतकार्यातून या जिल्ह्याला आणि जगाला मिळालेली सर्वांत टिकाऊ वस्तू ही आहे, आणि ती घडली तेव्हा धर्मप्रसाराचा प्रश्न तिच्या आसपासही नव्हता.

अहमदनगरच्या कोरड्या भागात असाच बदल जमिनीच्या बाबतीत झाला. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट आधी ‘कामाच्या बदल्यात धान्य’ पद्धतीने विहिरी-बांधांची कामे करत. विहीर खणून पाणी वाढत नाही, आधी डोंगरमाथ्यापासून पाणी मुरवावे लागते, या अनुभवातून ते पाणलोट विकासाकडे वळले. १९८९ साली जर्मनीच्या साहाय्याने त्या कार्यक्रमाची पायाभरणी झाली आणि १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी गावाने स्वतः ग्रामसभेत घ्यायच्या, असा त्यात आग्रह असे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. पुण्याकडून लातूर–उस्मानाबादकडे जाणाऱ्या मदतीच्या वाटा टेंभुर्णीवरूनच जातात, सोलापूर–उमरग्याची असो वा बार्शीची. कासा आणि कारितास यांसारख्या संस्था तेथे इतर असंख्य संस्थांबरोबर काम करत होत्या. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, रेड क्रॉस आणि जगातल्या मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता मान्य केली : मदत गरज पाहून द्यायची, आणि तिचा वापर कोणतेही राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. सह्या करणाऱ्यांत कारितास आणि जागतिक चर्च परिषद होत्या. शारदा सदनाच्या वेळी महाराष्ट्राने जो प्रश्न विचारला होता, त्याचे चर्चच्या मोठ्या संस्थांनी लेखी दिलेले हे उत्तर आहे. लहान, स्वतंत्र प्रचारक गट ते पाळतातच असे नाही, आणि गावातल्या आजच्या तक्रारी बहुधा तेथून उठतात.

परदेशी पैशाचे नियमही घट्ट झाले आहेत. परकीय देणगीचा कायदा १९७६ सालचा. २०१० साली तो नव्याने आला आणि २०२० साली दुरुस्त झाला. आता परदेशी देणगी प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. मोठ्या संस्थेकडून रक्कम घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांना, त्या कोणत्याही धर्माच्या असोत वा नसोत, याचा जबर फटका बसला. वसतिगृहे आणि दवाखाने चालवणाऱ्या मंडळ्यांना आता वर्गणीसाठी आपल्याच सभासदांकडे पाहावे लागते.

वाङ्मयाची बाजू आज वेगळ्या ठिकाणी उभी आहे. बायबल सोसायटी ऑफ इंडिया मराठी पवित्र शास्त्राच्या आवृत्त्या काढते, आणि मजकूर मोबाइलवर वाचता-ऐकता येतो, त्यामुळे गाठोडेवाला पुस्तकविक्या दिसेनासा झाला. नव्या भाषांतरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची मराठी वाङ्मयजगताने दखल घेतली; त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईहून ‘सुवार्ता’ मासिक चालवलेले दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या, आणि संमेलन तरी भरले. त्यांनी भाषणात पर्यावरण, शेतकरी आणि मराठी शाळा हे विषय घेतले.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. मिशनचे वार्षिक अहवाल आणि पत्रव्यवहार यांचा मोठा भाग अमेरिकेत आहे. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक मराठीत आहेत आणि सोलापूर–नगरकडच्या मंडळ्यांचे रोजचे जीवन त्यांत सापडते. दुष्काळाचे आकडे मुंबई सरकारच्या गॅझेटियरांत आणि अहवालांत मिळतात. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या स्थानिक मंडळ्यांकडे आहेत. त्यांतल्या १८७७ आणि १९०० नंतरच्या पानांवर आई-बापांचे नाव नसलेल्या मुलांच्या नोंदी भेटतात. पुस्तकविके, बायबल बाया, आश्रमातल्या मुली आणि बोअरच्या गाडीवरचे मजूर यांची नावे मिळवायची तर या वह्या आणि त्यांच्या नातवंडांच्या तोंडच्या हकिकती यांकडेच जावे लागेल.